कावळ्याला दिलेला शब्द आणि जीएसटी

चहा घ्या, सांगतो. दादाच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. आबा म्हणाले, "त्यानी काही इच्छा राहिनी व्हई." मी हात जोडून पटकन बोलून गेलो, "दादा, आपण घ्यायचा ठरवलेला तो फुटबॉलचा गेम मी घेतो." कावळा लगेच आला.

दुसऱ्याच दिवशी पिंप्राळ्यात पंकजच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. पंकज दादाचा दोस्त. ऑनलाइन दाखवलेली गेमची किंमत बरोबर खिशात होती, पण पैसे भरताना आकडा वाढला.

"जीएसटी येगळा शे," पंकज म्हणाला.

"खोकं नई, सीडी नई, मंग टॅक्स कसाना?"

"जो दिसत नई त्या मालवर बी लागस, भाऊ."

"मी कावळाले शब्द दिना तवय टॅक्स धरेल नव्हता!"

पंकज खो खो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. वरचे पैसे त्यानंच टाकले.

घरी गेम लावला. एक खेळाडू की दोन, असं पडद्यावर विचारलं. सवयीनं दोन दाबलं. माझा खेळाडू पळाला, दादाचा मैदानात नुसता उभा राहिला. मी त्यालाच पास देत बसलो.