कामावर नव्हती म्हणे

“हॅलो? … हो, इंद्रभानच बोलून राह्यलो. बोल ना, बेबीताई… अवं रडू नोको, मले आयकू येत नाई.”

इंद्रभान मालेगावच्या बियाण्याच्या दुकानात मापारी होता. मालकानं गल्ल्याजवळच्या फोनवर बोलावलं, तसा हातातलं पोतं टाकून तो आला. कारंज्याहून थोरल्या बहिणीचा ट्रंककॉल होता. त्याची बायको भागिरथा तान्ह्या पोरीला घेऊन तिच्याकडेच राहत होती आणि तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, डागी कापूस निवडायला जायची. त्या कामाला वेळेचं बंधन नव्हतं. वाटेल तेव्हा या, वाटेल तेव्हा जा, मजुरी वजनावर. मधेच घरी येऊन पोरीला पाजता येतं, म्हणून भागिरथा त्या कामावर खूश होती.

“हो, हो… दुपारी पाजून परत गेली. मंग? … आलीच नाई?”

काल दिवेलागणीला बेबीताई जिनिंगच्या फाटकावर गेली होती. चौकीदार म्हणाला, बाया आपापल्या सवडीनं गेल्या, आत कोणी नाही. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, हे तिथं कोणी बघतच नसे. आज सकाळी गडी कापूस उपसायला लागले, तेव्हा…

“कापसाची गंजी ढासळली? … तिच्या आंगावर?”

इंद्रभान भिंतीला टेकला.

“ताई… तू फाटकावर उभी होती, तवा जित्ती असंल काय वं थे?”

ताईनं हुंदके देतच राहिलेलं सांगितलं. मुकादम म्हणत होता, बाई दुपारीच घरी गेली, परत येताना तिला कोणी पाहिलं नाही; म्हणजे ती कामावर नव्हती, जिनिंगवर भरपाईची जबाबदारी नाही. तशा कागदावर अंगठा द्या आणि प्रेत घरी न्या.

“कामावर नवती? … मंग कापसाखाली कायले गेलती थे? … पोरगी कोनापाशी हाये? … बरं. आता आयक. अंगठा देऊ नोको. हो, मी निंगालोच… नाई ताई, घरी नोको नेऊ. तिच्यासंगच्या बायाईले तिथंच बसव. पोलीस येऊ दे. थे कुठी मेली, हे साऱ्याईले पाहू दे… हॅलो? ताई?”

लाइन तुटली होती.

त्यानं फोन खाली ठेवला. मालक विचारत होता, परत कधी येशील. इंद्रभान पायऱ्या उतरून एसटीच्या रस्त्याला लागला होता.