कॉम्प्युटरवरचं तमिळ स्तोत्र

पोराचा टायफॉइड उतरावा म्हणून मी नवस बोलले होते. शेजारच्या कामाक्षीबाई त्याच्या उशाशी बसून महादेवाचं जे तमिळ स्तोत्र म्हणायच्या, ते छापून सोळा सोमवारांच्या उद्यापनाला वाटीन.

पोरगं बरं झालं. बीडमध्ये तेव्हा कॉम्प्युटर नवाच. कॉम्प्युटरवर छापून देणाऱ्या दुकानदारानं मला नि बाईंना चपला बाहेर काढायला लावल्या, जणू आत पिंडच आहे! "ह्याच्यात समद्या भाषा हायेत, काकू," म्हणाला. बाईंनी शेजारी बसून एकेक अक्षर दाखवलं, त्यानं बटणं दाबली. छापलेला कागद वाचून बाई रडवेल्या झाल्या.

"ताई, अक्षर एकीकडे, काना दुसरीकडे, मध्ये नुसते रिकामे गोल. देवाचं नावसुद्धा वाचता येत नाही."

दुकानदार म्हणतो, "मशीन चुकत न्हाई. बाईलाच वाचता येत नसंल. अन् हितं वाचणार तरी कोण हाय?"

"ज्याच्यासाठी छापतेय तो महादेव वाचणार आहे," मी म्हटलं, "त्याला काय तुझे गोल दाखवू?"

शेवटी बाईंनी स्टेन्सिलच्या मेणकागदावर हातानं लिहिलं आणि जवळच्या शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढल्या. नवस फिटला.

तुम्हीही असा काही नवस बोललात, तर देवाला एवढं आणखी कबूल करा, की जिची भाषा तिनं वाचल्याशिवाय वाटणार नाही.