लाल पट्टा राहिलेल्या गाडीबाबत

मी, वय वर्षे चौसष्ट, धंदा गणवेश शिवणे, शिक्षण चौथी, राहणार पाण्याच्या टाकीमागे, लाँड्रीच्या वरचा मजला. ओळखपत्रावरचं नाव साहेबांनी वर उतरवून घेतलंय, पण त्या नावानं विचारत आलात तर आमच्या गल्लीत कोणी घर दाखवणार नाही. टेलरमावशी म्हणून विचारा. आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

मी एकटी राहते. माझ्या मयत बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, आणि तिचा नवरा खालच्या गल्लीत राहतात. भाची शाळेत खेळाची बाई आहे आणि स्वतः सायकलच्या शर्यती खेळते. जावई सुतारकाम करतो. लांबीला ताडमाड आहे म्हणून मी त्याला शिडी म्हणते. तो रागवत नाही. पुढं बोलताना शिडी आलं तर ते जावयाचं नाव समजावं.

तक्रार मला वाचून दाखवली. आम्ही बनावट रुग्णवाहिका रस्त्यावर चालवली, तिच्यात ऑक्सिजन नव्हता, आणि त्यामुळे अपघातातला माणूस दगावला, अशी ती आहे. त्या माणसाच्या भावानं दिली आहे. गाडी आमची आहे. माणूस त्याच गाडीत होता. बाकीचं कसं झालं ते सांगते. मध्ये मध्ये थांबवू नये, मग माझा टाक्यावर टाका बसत नाही.

भाचीच्या शर्यती लांब लांब असतात. लॉजवाले सायकली खोलीत घेऊ देत नाहीत. खाली ठेवल्या तर रात्रभर हिचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी ही शर्यतीत पेंगते. म्हणून तिच्या डोक्यात आलं, एक जुनी गाडी घ्यावी. मागं सायकली राहतील, शेजारी दोघं झोपतील. नवीन गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. जुन्यातली जुनी बघायची ठरलं. मला बरोबर नेलं कारण मी घासाघीस करते आणि मला लाज वाटत नाही.

जुन्या गाड्यांचा एजंट बसस्टँडच्या मागं बसतो. मी टेप घेऊन गेले होते. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तर गाडी काय घेणार. प्रत्येक गाडीत मी शिडीला आडवं व्हायला लावलं आणि डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. एजंटची माणसं हसत होती. पहिली गाडी शाळेची होती, तिचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आत गेलं. दुसरीत शिडीचे पाय दाराबाहेर आले. एजंट म्हणाला, "मावशी, पाय बाहेर ठेवून झोपलं की वारं लागतं." मी म्हटलं, "तुझे ठेव." तिसरी मासळीची होती. तिच्याबद्दल काही सांगत नाही.

चौथी ही. कुठल्या तरी दवाखान्यानं काढून टाकलेली अँब्युलन्स. उंच, लांब, आत सपाट. स्ट्रेचर काढून घेतलं होतं, पण ते सरकवायच्या लोखंडी पट्ट्या जमिनीला तशाच होत्या. त्या पट्ट्यांच्या मधे सायकलचं चाक मोजून मापून शिवल्यासारखं बसत होतं. दुसऱ्या बाजूला शिडी आडवा झाला तर डोक्याशी वीतभर जागा उरली. मी तिथंच ठरवलं.

भाची दारातच उभी राहिली. म्हणाली, "मावशी, हिच्यात माणसं गेली असतील गं." मी म्हटलं, "माणसं घरातसुद्धा जातात. घर सोडतेस का?" एजंट म्हणाला, "ताई, हिच्यात झोपलेल्यानं आजवर तक्रार केलेली नाही." त्यावर आम्ही तिघंही हसलो. हे मी लिहून घ्यायला सांगते आहे. हसलो.

गाडी रीतसर भाचीच्या नावावर खासगी म्हणून झाली. त्याचे कागद साहेबांनी पाहिलेत. भोंगा आणि टपावरचा दिवा एजंटनंच काढला होता. पुढची अक्षरं खरवडून काढली होती, तरी ऊन तिरपं पडलं की त्यांचा ठसा दिसायचा. दोन्ही अंगांचा लाल पट्टा राहिला होता. शिडी म्हणाला, आधी रंग देऊ. रंगारी म्हणाला, हातात दुसरं काम आहे, शर्यतीनंतरच्या आठवड्यात आणा. भाची म्हणाली, मग ह्या शर्यतीला बसनं जाऊ. तेव्हा मी म्हटलं, "गाडी रंगानं चालत नाही. दारात उभी करून काय तिची पूजा करायची आहे? जा." शिडीनं गपचूप सायकलीचे हूक ठोकले आणि फळीचा पलंग केला. पलंगाची गादी आणि खिडक्यांचे पडदे मी शिवले. माझ्याकडे नर्सांच्या गणवेशाचं पांढरं कापड शिल्लक होतं, तेच वापरलं. वेगळं कापड आणायचं कौतुक मला नाही. माझा कामाचा एप्रनही त्याच कापडाचा आहे. पुढं दोन खिसे, एकात टेप, एकात कात्री. तो मी घरात, दुकानात, कुठंही घालते.

आत ऑक्सिजनचा सिलिंडर अडकवायची लोखंडी कडी भिंतीला होती. सिलिंडर नव्हता. त्या कडीत भाचीनं सायकलचा हवेचा पंप उभा अडकवला. बरोबर बसला. त्याला बाहेरून रेक्झिनची पिशवी होती, तीही मीच शिवलेली. हे पुढं लागणार आहे म्हणून सांगते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी यायची नव्हते. पण भाचीची शर्यत मी कधी पाहिली नव्हती, आणि एका पडद्याची दुमड राहिली होती, ती वाटेत करता येईल म्हणून बसले. भाची गाडी चालवत होती, शिडी तिच्या शेजारी. मी मागं गादीवर बसून दुमड घालत होते. एप्रन अंगावर होता.

नदीच्या पुलाच्या अलीकडच्या वळणावर गर्दी होती. एक मोटरसायकल रस्त्याच्या कडेला पडली होती. ज्या गाडीनं उडवलं ती तिथं नव्हती. गर्दीतून एक माणूस हात हलवत आमच्या पुढं आला. त्याच्या कानाला फोन होता. तो फोनवर म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. आली गाडी," आणि फोन खिशात टाकला. माझी खिडकी उघडी होती, मी ते ऐकलं. तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही. शिरलं तेव्हा उशीर झाला होता.

भाची खाली उतरून म्हणाली, "दादा, ही अँब्युलन्स नाही. आमची घरची गाडी आहे." तो म्हणाला, "ताई, नियम नंतर सांगा." ती पुन्हा म्हणाली. मागून कोणी तरी म्हणालं, "थांब, आता पैशाचं बोलतील." तोवर मागचं दार बाहेरून उघडलं होतं. त्यांना काय दिसलं ते मी सांगू शकते. पांढरे पडदे, पांढरी गादी, आणि गादीवर पांढऱ्या एप्रनातली म्हातारी. एक जण म्हणाला, "सिस्टर, सरका."

मी सरकले.

मी तेव्हा काही बोलले का, असं साहेबांनी दोनदा विचारलं. नाही. माणूस चौघांच्या हातावर होता. त्याला खाली ठेवा म्हणायचं होतं का, ते साहेबांनी सांगावं.

सायकली लोकांनीच बाहेर काढून मैलाच्या दगडाला टेकवल्या. माणसाला गादीवर ठेवलं. तो शिडीएवढाच लांब होता. बरोबर मावला. त्याची बायको त्याच्या पायाशी बसली. तिला खरचटलं होतं, बाकी ती धड होती. कोणी तरी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि भाचीनं गाडी काढली. शिडीनं दुसऱ्या गाडीसाठी फोन लावला. तिकडून सांगितलं की त्या ठिकाणी गाडी पोचल्याची नोंद आहे. तो समजावत राहिला. त्यांनी विचारलं, रुग्ण कुठंय. तो म्हणाला, आमच्याकडे. ते म्हणाले, मग घेऊन या.

रस्त्यावरच्या गाड्यांनी आम्हाला वाट दिली. ट्रकसुद्धा बाजूला झाले. भाचीनं इतकी वर्षं ह्या रस्त्यावर सायकल चालवली, तिला कोणी कधी वाट दिली नव्हती.

त्या बाई मला सिस्टर म्हणत होत्या. "सिस्टर, ह्यांना थंडी वाजतेय." मी हातातला पडदा त्याच्यावर घातला. पडद्याला सुई लटकत होती, तिचा दोरा दातानं तोडला. "सिस्टर, डोक्याचं रक्त थांबत नाहीये." मी उशीचा अभ्रा फाडून बांधला. मला शिवायचं कळतं, बांधायचं तेवढंच कळतं. "सिस्टर, नाडी बघा ना." बाहीचं माप आम्ही मनगटावर घेतो, नाडी तिथंच असते. मी बोटं ठेवली. लागत होती. मी सांगितलं, लागतेय.

मी सिस्टर नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं. त्या बाई नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, ऐकताय ना, सिस्टर आहेत. घाबरू नका. सिस्टर आहेत." मी तोंड मिटलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. वाट द्यायला सगळे तयार होते, पण फाटकाला कोण सांगणार. शिडी पळत फाटकवाल्याकडे गेला. फाटकवाला हात जोडून उभा होता, त्याच्या हातात काही नव्हतं. पुढच्या गाडीतला एक जण मान बाहेर काढून म्हणाला, "अहो, भोंगा वाजवा की." फोनवर तो माणूस काय म्हणाला होता ते माझ्या डोक्यात इथं शिरलं.

तिथं त्याचा श्वास अडकायला लागला. बाईंनी भिंतीकडे बोट केलं. म्हणाल्या, "सिस्टर, ते लावा ना. तो सिलिंडर लावा ना." त्या कडीकडे. रेक्झिनच्या पिशवीकडे.

मी म्हणाले, "संपलाय."

तक्रारीत लिहिलंय की सिलिंडर रिकामा असल्याचं सिस्टरनं स्वतः कबूल केलं. ते ह्यावरून. ती बाई खोटं सांगत नाही. मी तसंच म्हणाले. पिशवी काढून पंप दाखवला असता तर तिला कळलं असतं की आपण कशात बसलोय. तिचा एक हात नवऱ्याच्या पायावर होता आणि एक माझ्या एप्रनच्या खिशाला धरलेला होता. मला ते जमलं नाही.

फाटक उघडलं. त्यानंतर कधी तरी माझ्या बोटांना नाडी लागेना. नेमकं कुठं ते सांगता येणार नाही. पूल गेला होता, दवाखाना आला नव्हता. मी बोटं काढली नाहीत. बाईंनी विचारलं, "लागतेय ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली.

दवाखान्यात स्ट्रेचर घेऊन आलेल्यानं विचारलं, "कुठल्या केंद्राची गाडी?" भाची स्टेअरिंग धरून बसली होती. शिडीनं तिची बोटं सोडवली. माणसाला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर येऊन बाईंशी बोलले. मग त्या माझ्याकडे आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून ते एकटे नव्हते." तेवढ्यात त्यांचा दीर, म्हणजे तक्रार देणारा भाऊ, आला. पुढचं साहेबांना ठाऊक आहे.

खरी गाडी फोनवर नको म्हटली नसती तर किती वेळात आली असती, ती त्याच फाटकाशी थांबली असती का, तो माणूस वाचला असता का, हे मला माहीत नाही. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, ते आमचं काम नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही. कोणाला सांगता येत असेल तर त्यांनी मला सांगावं. चांगलं वाईट काहीही चालेल.

सायकलींबाबत विचारल्यावरून सांगते की, शिडी संध्याकाळी जाऊन आला. मैलाचा दगड होता. भाचीनं त्याला काही विचारलं नाही. आत्ता ती बाहेर बाकावर बसली आहे. तिचा जबाब झाला आहे. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की ही अँब्युलन्स नाही. सांगितलं नाही ते मी. एवढं तिच्या कागदाला जोडता येत असेल तर जोडावं. जोडता येत नाही, असं साहेब म्हणतात.

वर लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एका जागी "साक्षीदाराने ऑक्सिजन उपलब्ध नसल्याचे सांगितले" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि "संपलाय" लिहायला लावलं. हवालदार म्हणाले, "मावशी, त्यानं तुमच्यावर येईल." मी म्हटलं, येऊ दे. त्या बाईंना कोणी विचारायला गेलं तर त्या "संपलाय" असंच सांगणार. त्यांना कोणी खोटं पाडू नये. त्या अजून समजतात की तिथं होता आणि संपला. पंप होता हे त्यांना ह्या कागदातूनच कळणार असेल तर कळू द्या, पण कोणी तरी बाईमाणूस जवळ बसवून मग वाचून दाखवा. मी जाऊ शकत नाही, मला बघितलं की त्या सिस्टर म्हणतील.

बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करते.