बाबांची फिकी जलेबी

अरे, आमच्या बाबांनी जलेबीवाल्याशी घातलेला वाद तुम्हाला सांगायचा राहिलाच. बाबांना शुगर आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. माझी बहीण मुग्धा गुडमारच्या पानांवर रिसर्च करते. शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या पानांमुळे वाचतात का, पुन्हा वाढतात का, हे ती शोधतेय. बाबांनी एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "मग आजपासून इंजेक्शन बंद."

"बाबा, हे अजून उंदरांवरच चाललंय," मुग्धा म्हणाली.

"उंदीर ठीक आहेत ना? मग बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून पानं आणून मूठभर चघळली आणि मला घेऊन थेट इंदूरच्या विजय नगरला जलेबी खायला निघाले. पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा उतरला.

"भिया, चाशनी में शक्कर डालना भूल गए क्या?"

दुकानदारानं स्वतः खाल्ली, मलाही दिली. मस्त गोड होती. आता बाबा घाबरले. "माझी जीभ गेली रे."

मी मुग्धाला स्पीकरवर फोन लावला. ती हसत सुटली. "बाबा, गुडमार म्हणजे गोडाला मारणारं. तासाभरात चव परत येईल. पेशींचं मात्र मलाच अजून माहीत नाही. इंजेक्शन घेतलंत?"

"घरी जाऊन घेतो," बाबा हळूच म्हणाले, आणि खरंच घेतलं. तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही.

त्या दिवशी आम्ही दुकानातून निघालो तेव्हा दुकानदार मागून आला. त्यानं फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"बाबूजी, एक विनती है," तो हात जोडून म्हणाला. "ये पत्ती की बात इंदौर में किसी को मत बताना."