मधनं कापलेलं पत्र

महायुद्धाचे दिवस. लोणावळ्याच्या पोस्टात इंदिरा मास्तरीणबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे वलवणचे दत्तोबा आणि सरुबाई हातातल्या पत्राकडे नुसते बघत होते.

"फाटका कागद हाय, अवो. दुखवट्याचं पत्र फाडूनच धाडत्यात."

"त्येचा कोपरा फाडत्यात. ह्यो मधनं कापलाय."

"मंग ह्ये त्येच्याहून वंगाळ."

"गप गं. बाई, वाचता का जरा? पोरगं लढाईच्या बोटीवर कोळसा टाकतंय."

"आणा इकडं. मावशी, घाबरू नका. सरकारनं ठिकाणांची नावं कापलीत, शत्रूला कळू नयेत म्हणून."

"बजरंग जित्ता हाय न्हवं?"

"त्यानंच लिहिलंय. ऐका. 'थंडीचं दीस हायती, पर हितं अंगात सदरा नको वाटतो. बोट बेटाबेटांतनं चाललीया. एक बेट सरलं की दुसरं दिसतं, म्हून भ्या वाटत न्हाई. उद्या बेटं सरत्यात. म्होरं चार दीस निस्तं पानी. पल्याड पोचलो की त्याच दिशी दुसरं पत्र टाकतो.'"

"उद्या म्हंजी कवा?"

"थांबा, वरची तिथी बघते."

"बाई, कवा?"

"पत्र मार्गशीर्षातलं आहे, मावशी."

"आन आज शिमगा."

"व्हय गं."

"अवो, बघत काय ऱ्हायलाय? खिडकीत परत इचारा. दुसरं आलं आसंल."