पहिली जाणारी

सर: घे गो, अर्धा तरी घे. पेढ्याशी कसलं वैर?

गंधाली: नको सर. निधीच्या आईने आमच्याकडेही पाठवलाय. घाटकोपरहून थेट मुलुंडला, खास माणूस पाठवून. अर्ध्या किलोचा डबा.

सर: अर्धा किलो? मला पाव किलो. बघ, माणसं कशी तोलून वागतात. पाव किलो आनंदाचा असतो, वरचा पाव शरमेचा.

गंधाली: आई म्हणाली, मुलीला कांस्यपदक मिळालंय, तोंड तरी गोड कर. म्हटलं, फ्रीजमध्ये ठेव. निधी स्वतः आली की खाऊ.

सर: आली नाही अजून?

गंधाली: आशियाई स्पर्धेहून परतल्यापासून नाही. मोबाइलवर बदाम पाठवते. लाल. रोज एक.

सर: सत्कारांत अडकलीय पोर. स्टेशनबाहेरचा बॅनर बघितलास? ‘घाटकोपरची सुवर्णकन्या’. कांस्य आणलं तरी सुवर्ण! वर एवढाले साहेब, खाली कोपऱ्यात ही. पासपोर्ट फोटोएवढी.

गंधाली: सर, मी पेढ्यासाठी नाही आले.

सर: ते दिसतंय. एवढ्या उन्हात, सरावाची बॅग न घेता. बॅग नाही म्हणजे बातमी आहे. पण आधी त्या मॅटचं टोक धर. छोटी पोरं येतील इतक्यात. हात चालू असले की बोलणं सरळ होतं.

गंधाली: भांडुपच्या एका शाळेने विचारलंय. लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवायला. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

सर: आणि राष्ट्रीय स्पर्धा? पुढच्या महिन्यात महाराष्ट्राचा संघ जातोय.

गंधाली: शाळा तेव्हाच सुरू होते.

सर: म्हणजे शाळेला हो म्हटलंस तर खेळाला रामराम.

गंधाली: हो.

सर: ओढ जरा. अजून. बस. आता सांग, त्या दोनच्या नियमामुळे हे सगळं?

गंधाली: तुम्हीच बघा ना. पात्रता फेरीत व्हॉल्टच्या उडीत मी सातवी आले. अंतिम फेरीत आठजणी घेतात. सात हे आठच्या आत येतात, एवढं गणित मलाही येतं. आणि अंतिम फेरी मी कुठून बघितली? गॅलरीतून, झेंडा हातात धरून.

सर: एका देशाच्या दोनच. नियम जुना आहे, तुझ्यासाठी कुणी रात्रीत नाही केला.

गंधाली: अगरतळ्याची मुलगी दुसरी आली, निधी सहावी. भारताच्या दोघी झाल्या, दार बंद. मी निधीच्या मागे किती? केसाएवढी. आणि माझ्या जागी कोण आली? नववी. मंगोलियाची.

सर: विक्रोळीला आमच्या चाळीत नळाचा एक नियम होता. घरटी दोन हंडे. आमच्या घरात माणसं नऊ. शेजारी एक म्हातारी, तिच्याकडे ती एकटीच. तिलाही दोन, आम्हालाही दोन. माझी आई रोज सकाळी तिच्या नावाने बोटं मोडायची.

गंधाली: बरोबरच होतं आईचं.

सर: आईचं बरोबर, नियमाचंही बरोबर. नियम नसता तर म्हातारीपर्यंत पाणी पोचलं असतं का? आम्ही चार दांडगे भाऊ. नळच घरी नेला असता.

गंधाली: मग तुम्ही नऊजण तहानलेले राहिलात?

सर: छ्या. काकाची चूल वेगळी दाखवली. आणखी दोन हंडे.

गंधाली: बघा! मोठ्या देशांच्या मुली हेच करतात. कुठल्या तरी आजीच्या जन्माचा दाखला शोधतात आणि दुसऱ्या देशाचा झेंडा लावून येतात.

सर: घोडेस्वारीतही तेच. संघात देशाचे तीन स्वार, चौथा कितीही चांगला बसू दे. मग तो चौथा जातो दुसऱ्या देशात. घोड्याला कोण विचारतंय, बाबा, तू कुठला?

गंधाली: माझी आजी मुलुंडचीच आहे. पणजी पण. मी कुठे जाऊ?

सर: नाका ओलांडून ठाण्यात राहायला गेलीस तर जिल्हा बदलेल. उपनगरऐवजी ठाणे. देश बदलायला तेवढं पुरत नाही.

गंधाली: हसवू नका सर.

सर: हसली कुठेस? अगो, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आपला कुणी पहिल्या विसातही नसायचा. मोठ्या देशांना असा लगाम होता म्हणून आपल्याला मागच्या बाकावर तरी बसायला मिळायचं. तेव्हा तो नियम आपल्याला देवासारखा वाटायचा. आता पोरी पुढे गेल्या आणि तोच नियम आडवा आला. जगासाठी बरोबर, तुझ्यासाठी वाईट. दोन्ही खरं.

गंधाली: दोन्ही खरं. गॅलरीत मात्र मीच.

सर: त्या मंगोलियाच्या पोरीवर राग काढू नकोस.

गंधाली: तिचा नाही राग. अंतिम फेरीच्या सकाळी ती मला बाथरूममध्ये भेटली. एकच स्पर्धेचा पोशाख होता तिच्याकडे. पहाटे धुतला असणार. हात वाळवायच्या यंत्राखाली धरून उभी होती. मला बघून यंत्र बंद केलं आणि म्हणाली, सॉरी. तिला माहीत होतं, आपण कुणाच्या जागी आलोय ते.

सर: मग? तू काय म्हणालीस?

गंधाली: काही नाही. यंत्र परत चालू करून दिलं. अख्ख्या स्पर्धेत मला सॉरी म्हणणारी तेवढी एकच.

सर: ते पलीकडचं टोक धर. दुमडलंय.

गंधाली: सर, नियमाला मी ओळखीची नाही. त्याला फक्त देश दिसतो. तुम्हाला तर मी दिसत होते.

सर: आली मुद्द्यावर.

गंधाली: पात्रता फेरीत कोण कधी जाणार ते ठरलं होतं. पहिल्यांदाच मी मागितलं होतं तुमच्याकडे. या वेळी व्हॉल्टला निधी पहिली, मी शेवटची. तुम्ही हो म्हणाला होतात. पहिल्या मुलीला पंच हात आखडून गुण देतात, मागच्यांसाठी वर जागा ठेवतात. हे मला कुणी शिकवलं?

सर: मीच.

गंधाली: लहानपणापासून मी पहिली जातेय. कधी तक्रार केली?

सर: नाही केलीस. पण त्या दिवशीचं तू बघितलंस. निधी धावपट्टीच्या टोकाला उभी, रडतेय, पाय हलत नाहीत. पहिलीच पडली की मागच्या सगळ्या डगमगतात. भारताचा अख्खा संघ बुडाला असता. संघाचा प्रशिक्षक म्हणून मी काय करायचं होतं?

गंधाली: तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

सर: मी एक शब्द बोललो नाही.

गंधाली: बोलला असतात तर नाही म्हणता आलं असतं. मीच म्हटलं, मी जाते.

सर: तू पडत नाहीस ना. घरात बघ, संघात बघ, जी पडत नाही तिलाच पुढे करतात. कौतुकच आहे ते एक प्रकारचं.

गंधाली: त्या कौतुकाचा बॅनर कुठे लागतो?

सर: तुझा खर्च एकच. पावडर. पहिली जायची असलीस की त्या डब्यात हात घालून बसायचीस. पंच हिरवा दिवा लावून कंटाळायचे, हिचं आपलं चोळणं चालूच.

गंधाली: हात घामेजतात माझे.

सर: हं. घामेजतात खरे.

गंधाली: सर, एक मागते. राष्ट्रीय स्पर्धेत मला व्हॉल्टला शेवटची ठेवा. पुढच्या आशियाई स्पर्धेची निवड तिथूनच होणार. एकदा मागून जाऊन बघायचंय, मला किती मिळतात ते. कमी मिळाले तर मी कमीच आहे, विषय संपला. फक्त हो म्हणा. मी आत्ता, इथूनच शाळेला नाही कळवते.

सर: आणि पहिली?

गंधाली: निधी.

सर: बरोबर आहे तुझं. हिशेबाने तर…

(दार लोटून निधी आत येते. गळ्यात पदक, काखेत शाल.)

निधी: सर! अय्या, गंधाताई, तू पण? मला वाटलं तू सुट्टीवर आहेस.

सर: या, सुवर्णकन्या. सरावाला पदक घालून?

निधी: सत्कारावरून डायरेक्ट आले ना सर. भाषणंच संपेनात. शाल मिळाली, नारळ रिक्षात राहिला. ताई, मी तुझ्याकडे येणारच होते गं. खरंच. रोज काहीतरी निघतं यार.

गंधाली: कळतं मला. बदाम मिळतात तुझे.

निधी: तू रागावली नाहीस ना? आई सारखी विचारते. मी म्हटलं, ताई कधी रागावते का? तो नियमच फालतू आहे. तू असतीस ना फायनलला, तर आपण तिघी असतो. झकास फोटो आला असता.

सर: निधी, बरी आलीस. एक विचारतो. राष्ट्रीयला व्हॉल्टला पहिली जाशील?

निधी: मी?

सर: तू.

निधी: पण सर, मी आता मेडलिस्ट आहे ना. म्हणजे असं नाही… पण मेडलिस्ट शेवटी जाते ना? बाबा पण म्हणत होते. आणि पहिली तर ताईच असते. ताई, तू गेलीस ना पुढे, तू नीट उतरलीस की मला कसं वाटतं माहितीये? की व्हॉल्टचं टेबल तपासून झालंय. आता काही होणार नाही.

गंधाली: आणि मी उडते तेव्हा? तपासायला कोण असतं?

निधी: तुला काय गरज? तुला भीतीच नाही वाटत. हो ना, सर?

गंधाली: सर, तुम्ही काहीतरी म्हणत होतात. हिशेबाने.

सर: हिशेबाने तुझंच बरोबर आहे.

गंधाली: पण?

सर: पण मला संघ न्यायचाय, गंधाली. ही पहिली गेली आणि पडली तर हिचीही निवड गेली, संघाचाही क्रमांक गेला. दोन बुडवून एक कसा तारू? तू अजून एकदाच… पुढच्या वर्षी मी स्वतः…

गंधाली: पुढच्या वर्षी माझा दुखरा घोटा तयार असेल का, ते त्याला विचारलंत? असू दे सर. कळलं. देशाच्या दोन, तशा या हॉलच्याही काही ठरलेल्या असणार. मीच उगीच विचारलं.

निधी: काय झालं? कुठे निघालीस? ताई, आत्ता तर आले मी.

गंधाली: भांडुपला. शाळेत सांगायचंय, येते म्हणून. फोनवर सांगण्यापेक्षा जाऊनच येते.

निधी: शाळेत? कशाला?

गंधाली: तू ये गं घरी, वेळ झाला की. पेढे फ्रीजमध्ये आहेत. तुझ्यासाठीच थांबलेत.

सर: गंधाली, ऐक. आज रात्रभर विचार कर.

गंधाली: संध्याकाळपर्यंतच मुदत आहे सर. आणि ही हॉलची किल्ली. उद्यापासून सकाळी उघडायला कुणाला तरी सांगा. डावीकडचं कुलूप अडतं, जरा वर उचलून फिरवावं लागतं.

सर: ठेव तिथे.

गंधाली: पावडर पण मागवा. डबा संपत आलाय. येते.

निधी: ताई! अगं, ताई… गेली. सर, ती रागावलीय ना?

सर: रागावली असती तर भांडायला थांबली असती.

निधी: मी काय केलं पण? मी तर तिला काहीच म्हटलं नाही. येईल ना परत? सोमवारी येईल बघा. ताई अशी सोडून नाही जाणार.

सर: शाल ठेव बाजूला. पदक काढ. मॅटचं हे टोक धर.

निधी: आणि नाहीच आली तर? राष्ट्रीयला पहिली कोण जाणार?

सर: तू.

निधी: सर, प्लीज. कुणालाही सांगा, त्या पुण्याच्या मुलीला सांगा. मी नाही जाऊ शकत. समोर रिकामं टेबल दिसलं की मला धावताच येत नाही. हात बघा, आत्ताच घाम आलाय.

सर: पावडर लाव. उरली असेल डब्यात थोडी.

निधी: पावडरने काय होतंय? ताईचं वेगळं होतं सर. तिला कुठे भीती वाटायची?

सर: दर वेळी.