वर्षातला सर्वोत्तम वाचक

हॅलो?

हॅलो… हां, प्रदोष, बोल. नाही, तुटतंय. थांब, मागच्या पायरीवर येते. घरात दोनच ठिकाणी नीट ऐकू येतं. एक ही पायरी आणि एक अच्छनची खोली. खोलीत अम्मा झोपलीय.

हां. आता बोल.

पाहिलास? पूर्ण?… अर्ध्यात का बंद केलास?

हो, हो… अरे, ऐक ना. ओरडू नकोस. शारजाहून एवढं ओरडायचं तर फोन कशाला हवा?

विनोदीच आहे. रिनीशने आधीच सांगितलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा कारकून, एक कादंबरी छापून झाली, दुसरी अकरा वर्षं लिहितोय, आणि कुणी विचारलं की म्हणतो, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय… यावर दुसरा कसला सिनेमा काढणार?

आहेत ना. माझेही वडील आहेत ते.

लुंगी? बसथांब्यावर सुटते ती? ते अच्छनचं नाही, रिनीशच्या मामाचं आहे. मामा स्वतः सगळ्यांना सांगत फिरतोय… हो, नाव बदललंय, गावाचं पण बदललंय. तरी कळणारच. या पंचायतीत कादंबरी लिहिणारा माणूस एकच होता.

कागद? कागदावर एवढंच आहे, की मुलांची हरकत नाही. दोघांच्या सह्या. माझी केली मी. तू कर आणि फोटो पाठव. रिनीश पाच वाजता येतोय… नाही आली तर उद्या वाचनालयात दाखवणार नाही. पुढेही कुठे नाही. 'एडत्ती, मोठ्या बहिणीसारखी आहेस तू, दोघांतल्या एकाने जरी नको म्हटलं तरी मी तो कपाटात ठेवीन,' म्हणाला. तीन वर्षं घातलीत त्याने… आग्रह नाही करत. आहे ते सांगतेय.

मला? मला वाटतं दाखवावा.

का म्हणजे… शोकसभेला तू नव्हतास. नाही, टोमणा नाही. सुट्टी संपली, तू गेलास. सात जण बोलले. 'थोर साहित्यिक' सातही जणांनी म्हटलं. छापलेल्या एकुलत्या पुस्तकाचं नाव दोघांनी घेतलं. एक म्हणाला 'गोड्या पाण्याची विहीर'. दुसऱ्याने ती नुसती 'विहीर' केली… हो ना. खाऱ्या पाण्याची. गोडं पाणी असतं तर कादंबरी कशाला झाली असती?

सिनेमात निदान माणूस तरी त्यांच्यासारखा आहे. तसाच चष्मा वर करून चिडतो.

कुठलं? मेलेल्यांच्या नावावर पुस्तकं नेतो ते?…

नाही. ते रिनीशने रचलेलं नाही. खरं आहे ते.

प्रदोष? आहेस ना?

अरे, खरं म्हणजे खरं. तू तेव्हा वसतिगृहात होतास. अच्छन दर शनिवारी वाचनालयात जायचे, आठवतं? आपल्याला वाटायचं, पेपर वाचायला. ते स्वतःच्या पुस्तकाच्या मागची चिठ्ठी बघायला जायचे. तारखांच्या शिक्क्यांची. कुणी नेलं, कधी नेलं. अडीच वर्षं एक शिक्का नव्हता. आणि बालन मास्तरांचा नियम. तीन वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही ते पुस्तक कपाटातून काढायचं आणि माळ्यावर टाकायचं.

आता काय करतील? स्वतःचं पुस्तक स्वतःच्या नावावर न्यायची लाज. जिवंत माणसाच्या नावावर न्यावं, तर तो रोज रस्त्यात भेटणार. राहिलं कोण?

कार्डं कशी काय म्हणजे? वाचनालयाला 'अ' दर्जा हवा तर पाचशे सभासद दाखवावे लागायचे. माणूस जळून राख झाला तरी मास्तर नाव खोडत नसत. 'पक्षातून काढता येतं, वाचनालयातून नाही' म्हणायचे.

हो, आणि बक्षीसही खरं. वार्षिक दिनाला. त्या वर्षी नोंदवही मोजायला पलीकडच्या गावची मुलगी ठेवली होती. तिला काय ठाऊक, आपल्याकडे कोण हयात आहे. तिने इमानाने मोजलं. वर्षातला सर्वोत्तम वाचक, कण्णेट्टन… तेच, ताडी काढणारे. जाऊन तीन वर्षं झाली होती. आयुष्यात सहीपलीकडे अक्षर गिरवलं नाही. कॅरम खेळता यावं म्हणून सभासद झाले होते.

मी होते ना, दुसऱ्या रांगेत. माइकवर नाव पुकारलं, कुणी उठेना. अध्यक्ष बाहेरचे. त्यांनी पुन्हा म्हटलं, 'यावे, लाजू नये.' शेवटी नारायणीएडत्ती उठली. वर गेली. नवऱ्याच्या वतीने शाल घेतली. मग पुस्तक दिलं… कुठलं म्हणजे? अच्छनचंच. मास्तरांकडे त्याच्याच जास्तीच्या प्रती होत्या. तिने उलटंसुलटं करून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाली, 'हे तर त्यांनी चौदा वेळा वाचलंय म्हणता. दुसरं काही द्या.'

…हसलास?

बरं, खोकला. खोकला तर खोकला.

नाही, तेव्हा मला नाही कळलं. मला वाटलं, मोजणीत चूक. सगळ्यांनाच तसं वाटलं. अच्छन माझ्या शेजारी बसले होते. सिनेमातला खिडकीतून पळतो, हे पळाले नाहीत. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ती म्हणाली, 'चौदा वेळा माझ्या नवऱ्याने वाचलं, मग आता एकदा मला वाचून दाखव.' वीस-बावीस संध्याकाळी लागल्या. अम्माला सांगायचे, युनियनची मीटिंग आहे… नारायणीएडत्ती अजून सांगते ना. 'माणूस बोलायचा गोड, लिहायचा फार लांब.'

रिनीशला? अच्छननीच सांगितलं. गेल्या वर्षी, व्हरांड्यात बसून. मी आत फणस कापत होते. हात तेलाने माखलेले. एवढ्या जोरात कशावर हसतायत असं वाटलं, पण उठून बघितलं नाही.

मला नाही सांगितलं. तुलाही नाही.

हो. लागलं मला. थोडं.

अम्माने? पाहिला. परवा रिनीशने इथेच लॅपटॉपवर दाखवला. शेवटपर्यंत बसली. म्हणाली, 'त्या बाईच्या साड्या फार चांगल्या आहेत, आपल्याकडे कुठे होत्या? आणि तो दुधाचा चहा पितो. ह्यांनी जन्मात दुधाचा प्यायला नाही, एवढं तरी विचारायचं मला.' बस. आणि युनियनच्या मीटिंगचं आलं तेव्हा नुसती म्हणाली, 'मला ठाऊक होतं. युनियनवाले इथे चौकशीला यायचे.'

तू शेवट पाहिला नाहीस ना? मग ऐक. शेवटी तो कादंबरी पूर्ण करतो. कचेरीत, भर दुपारी, कुणाच्या तरी वीजजोडणीच्या अर्जामागे शेवटचं वाक्य लिहितो आणि डबा उघडून जेवतो. त्या सिनेमात मोठं खोटं आहे ते एवढंच.

नाही रे. नाही सापडलं. तिन्ही ट्रंका उपसल्या मी. अठरा वह्या. सतरा काठोकाठ भरलेल्या. अठराव्या वहीवर 'शेवटचं प्रकरण' लिहून खाली रेघ मारलीय. पट्टीने, सरळ. पुढे कोरी.

सगळी पानं उलटली. हो. एक एक.

रिनीशला म्हटलं मी, हे असं नाही झालं. तर म्हणाला, 'एडत्ती, तेवढं मला त्यांना द्यायचंय.' मग मी माझी सही केली.

तुझी यावर हरकत आहे?…

बघ. या खोट्याला तुझी हरकत नाही. खऱ्याला आहे. भांडत नाहीये, नुसतं दाखवतेय.

प्रदोष… लोक हसणार, हसू देत. आपण दोघं घरात हसत होतोच ना? 'अच्छन, शेवटचं प्रकरण राहिलं का?' रोज जेवताना. तूच नक्कल करायचास, चष्मा वर करून. ते हसले की आपल्याला वाटायचं, त्यांना लागत नाही.

थांब… काही नाही, कोंबडी स्वयंपाकघरात चाललीय. हाss, बाहेर! हां.

आणखी एक सांगायचं होतं. काल वाचनालयात गेले होते. अच्छनच्या उशाशी तिथली दोन पुस्तकं राहिली होती, ती परत करायला. बालन मास्तरच बसतात अजून. ब्याऐंशी पूर्ण. अच्छनचं कार्ड पुढे ठेवून म्हणाले, 'मुली, खोडायचं का?'

मी नको म्हटलं.

दर्जासाठी नाही रे! …आणि एक पुस्तक घेऊन आले. त्या कार्डावर.

कुठलं ते विचारतोस?…

हो. तेच.

माळ्यावरून काढावं लागलं; चिठ्ठीवर शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता. आता त्याच्याखाली कालचा आहे. मास्तरांनी शिक्का जरा जोरात मारला.

वाचतेय. तिसऱ्यांदा. मधला भाग अजूनही लांब आहे.

काय?… परत बोल.

एकदाही नाही?

माहीत होतं मला. त्यांनाही माहीत होतं. अरे, तू वाढदिवसाला म्हणायचास ना, 'भाषा फार छान आहे अच्छन.' ज्याने वाचलं तो भाषेबद्दल बोलत नाही, तो त्या विहिरीत कोण पडलं ते विचारतो.

नाही, सांगणार नाही. वाच.

चौदा दिवसांत परत द्यायचंय. ओणमला येतोयस ना? तेव्हा तू ने… तुझं कार्ड आहे की! मास्तर कुणाचंच खोडत नाहीत. मेलेल्यांचं नाही, आखातात गेलेल्यांचंही नाही. तुझ्या नावावर ने. त्या चिठ्ठीवर एखादा शिक्का जिवंत माणसाचा असू दे.

…प्रदोष?

हां. नाही, घाई नाही. पावणेपाच झालेत फक्त.

हो, मी आहे. ठेवत नाही. शोध पेन… ऑफिसचं असलं तरी चालेल.

आला. आला फोटो. थांब, मोठा करून बघते… सही ठीक आहे. तारीख कुठाय? तारीख राहिली.

नाही, मी टाकणार नाही. तुझ्या हाताने टाक आणि परत पाठव. दुसऱ्याच्या नावावर लिहायचं या घरात आजपासून बंद झालंय.

हां. आजचीच. ठेवते.